परक्यांची वाट, माउलीचे माहेर

सप्टेंबरचा दुसरा आठवडा जवळ आला की श्रीरामपूरहून हरेगावकडे जाणाऱ्या रस्त्याचा चेहरामोहरा बदलतो. एरवी या रस्त्यावर असते काय? दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच झालेला ऊस, शाळेला निघालेल्या सायकली, बाजारहाटाच्या जीपगाड्या. पण या दिवसांत रस्ता माणसांनी भरून वाहू लागतो. डोक्यावर पदर घेतलेल्या आयाबाया, खांद्यावर लेकरू बसवलेले बाप, पिशवीत भाकरी बांधून घेतलेली म्हातारी माणसे. एस.टी.च्या जादा गाड्या, टेम्पो, मोटारसायकली आणि त्यांच्या मधून वाट काढत पायी चाललेले जथे. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, आषाढातली एखादी दिंडी वाट चुकून भाद्रपदात आली. जवळ गेल्यावर दिसते, की पुढे चालणाऱ्याच्या हातात पताका नाही, क्रूस आहे. गळ्यात तुळशीची माळ नाही, हातात जपमाळ आहे. आणि ओठांवर मात्र शब्द तोच आहे : माउली!

ही हरेगावची मतमाउलीची यात्रा. येशूची आई पवित्र मरिया हिचा जन्मदिन चर्च आठ सप्टेंबरला पाळते आणि त्याच सुमारास हरेगावच्या चर्चच्या आवारात ही यात्रा भरते. १९४९ साली सुरू झालेल्या या यात्रेने पंचाहत्तरी ओलांडली आहे. नगर जिल्ह्यातूनच नव्हे तर नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जालना, पुणे, मुंबई अशा ठिकठिकाणांहून भाविक येतात. त्यात ख्रिस्ती असतात तसे नवस फेडायला आलेले हिंदूही असतात. तरीही जिल्ह्याबाहेरच्या मराठी वाचकाला या यात्रेची फारशी माहिती नसते. शिर्डी, शनिशिंगणापूर, मढी, मोहटादेवी ही नावे त्याला ठाऊक असतात. हरेगाव म्हटले की तो विचारतो, “ख्रिस्ती लोकांतही यात्रा असते?”

असते. आणि ती कुठून आली या प्रश्नाला सहसा दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणते, मिशनऱ्यांनी वारीची नक्कल केली. दुसरे म्हणते, युरोपातली पद्धत इथे आणून लावली. दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. पूर्ण उत्तरासाठी आपल्याला थोडे दूर जावे लागेल. जेरुसलेमपर्यंत जाऊन मग प्रवरेच्या काठी परत यावे लागेल.

शेतापलीकडचा माणूस

यात्रेकरूला युरोपातल्या भाषांत जे शब्द आहेत त्यांतले बरेचसे ‘पेरेग्रिनुस’ या लॅटिन शब्दापासून आले आहेत. या शब्दाचा मूळ अर्थ फार बोलका आहे. जो आपल्या शेताच्या, आपल्या शिवाराच्या पलीकडे गेला तो; म्हणजेच परका, परगावचा. रोमन कायद्यात नागरिकत्व नसलेल्या माणसालाही हाच शब्द होता. ख्रिस्ती धर्माने हा शब्द उचलला आणि त्यात आपले तत्त्वज्ञान भरले. माणूस या पृथ्वीवर कायमचा रहिवासी नाही, तो इथे वाटसरू आहे, त्याचे खरे घर दुसरीकडे आहे, असे आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात पुन्हा पुन्हा येते. यात्रेला निघणे म्हणजे ही गोष्ट काही दिवस पायांनी जगून पाहणे. घर, मान, ओळख, सारे मागे ठेवायचे आणि ठरवून परके व्हायचे.

आता आपला ‘वारकरी’ हा शब्द शेजारी ठेवून पाहा. जो वारी करतो, म्हणजे पुन्हा पुन्हा येतो, तो वारकरी. पंढरपूर हे त्याचे माहेर. सासुरवाशीण जशी वर्षातून एकदा आईकडे येते तसा तो विठाईकडे येतो. एका परंपरेतला यात्रेकरू घर सोडून परका होतो. दुसऱ्या परंपरेतला यात्रेकरू परक्या संसारातून आपल्या घरी येतो. दोघे चालतात त्याच मातीवरून, पण एक निघालेला असतो आणि एक परतत असतो. हरेगावच्या यात्रेचे मर्म समजायचे तर हा फरक मनात ठेवला पाहिजे.

पहिली वाट

येशूनंतरची पहिली तीन शतके ख्रिस्ती यात्रेचे ठरलेले असे मार्ग जवळजवळ नव्हतेच. इसवी सन ७० मध्ये रोमन फौजांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. पुढे सम्राट हेड्रियनने त्या जागी नवेच रोमन शहर वसवले. ज्यांचा धर्मच राज्यसत्तेला संशयास्पद वाटत होता त्यांनी उघड यात्रा कशी काढावी? ते जमत हुतात्म्यांच्या थडग्यांशी. पुढच्या सगळ्या यात्रांचे बीज तिथे आहे. जिथे कुणी सत्यासाठी प्राण दिला ती जागा पवित्र, ही भावना आधी आली. रस्ते मागाहून झाले.

चित्र पालटले ते ३१३ साली, सम्राट कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिल्यावर. त्याची आई हेलेना ३२६ च्या सुमारास वृद्धापकाळी पॅलेस्टाईनला गेली. येशूच्या समाधीच्या जागी उभारलेल्या मोठ्या चर्चचे समर्पण ३३५ साली झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, ३३३ मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून निघालेल्या एका अनाम यात्रेकरूने जेरुसलेमपर्यंतच्या प्रवासाची टिपणे ठेवली. त्यात भक्तीचे उमाळे फारसे नाहीत. कुठून कुठे किती अंतर, कुठे घोडे बदलायचे, कुठे मुक्काम करायचा, याची ती कोरडी यादी आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने ती यादी मोलाची. रोमन साम्राज्याने फौजा आणि डाक नेण्यासाठी बांधलेले रस्ते भाविकांच्या पायाखाली कसे आले, ते तिच्यातून कळते. तीर्थाचा मार्ग आकाशातून पडत नाही. व्यापाऱ्याने, सैनिकाने किंवा सरकारने आधीच पाडलेल्या वाटेवरून देव चालू लागतो.

त्या शतकाच्या अखेरीस, ३८१ ते ३८४ च्या दरम्यान, एजेरिया नावाची एक स्त्री पश्चिम युरोपातून निघून सिनाई पर्वत, इजिप्त, जेरुसलेम असा प्रवास करून आली आणि तिने तो आपल्या मैत्रिणींसाठी पत्ररूपाने लिहून ठेवला. या लेखनाची अर्धवट प्रत १८८४ साली इटलीत सापडली. सोळाशे वर्षांपूर्वीची बाई डोंगर चढते, गावोगावच्या साधूंना प्रश्न विचारते, दिसेल ते टिपून घेते! यात्रा ही बायकांसाठी उंबऱ्याबाहेर पडण्याची किती मोठी सबब होती, ते आपल्या आज्या-पणज्यांना वेगळे सांगायला नको.

गंमत अशी, की यात्रा सुरू होताच तिच्यावर टीकाही सुरू झाली, आणि ती धर्माच्या आतूनच. निसाचा ग्रेगरी आणि खुद्द बेथलेहेममध्ये राहणारा जेरोम या दोघांनीही बजावले, की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. स्वर्गाचे दार जेरुसलेमइतकेच दूरच्या ब्रिटनमधूनही उघडते. तीर्थात केवळ दगड आणि पाणीच पाहणाऱ्यांना आपल्या संतांनी जे सुनावले त्याची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. संत सगळीकडचे सारखेच. यात्रा करायची, आणि यात्रेच्या भरवशावर राहू नका असेही सांगायचे!

वाट घडते आणि बिघडते

मध्ययुगात युरोपभर वाटांचे जाळे पसरले. ९९० साली कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक रोमहून परतला तेव्हा त्याने वाटेतले मुक्काम लिहून ठेवले. आजची ‘व्हिया फ्रांचिजेना’ ही वाट त्या यादीवरून आखली आहे. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात संत याकोबाची समाधी सापडल्याचे नवव्या शतकात जाहीर झाले आणि सांतियागोची वाट रुळली. ११७० साली कँटरबरीच्या चर्चमध्ये थॉमस बेकेटचा खून झाला आणि तेही शहर तीर्थ बनले. १३०० साली पोप बोनिफेस आठवा याने रोममध्ये पहिले पवित्र वर्ष जाहीर केले. या वाटांवर पूल बांधले गेले, विहिरी खोदल्या गेल्या, आजारी वाटसरूंसाठी मठांनी पडव्या उघडल्या. ‘हॉस्पिटल’ हा शब्द मुळात अशा पाहुण्यांच्या आसऱ्याचा.

पण याच वाटांवर दुसरेही काही चालले. १०९५ नंतर जेरुसलेमकडे निघालेले धर्मयोद्धे स्वतःला यात्रेकरूच म्हणवत होते आणि त्यांच्या हातात तलवारी होत्या. सांतियागोचा शांत कोळी प्रेषित लढाईच्या काळात घोड्यावर बसवला गेला आणि ‘मूरांचा संहारक’ ठरला. पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांचा बाजार मांडला गेला. तेव्हा १५१७ साली मार्टिन ल्यूथरने सुरू केलेल्या सुधारणेच्या चळवळीने यात्रांवरही कोरडे ओढले. इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये बेकेटची समाधी मोडून टाकली. उत्तर युरोपातल्या अनेक वाटांवर गवत उगवले. कॅथॉलिक देशांत मात्र यात्रा टिकल्या. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ साली बर्नादेत या गरीब मुलीला पवित्र मरियेचे दर्शन झाल्याची वार्ता पसरली आणि आठ वर्षांत तिथे आगगाडी पोहोचली. रोमन रस्त्यांची जागा रुळांनी घेतली, इतकेच.

ख्रिस्ती धर्मातली ही फाटाफूट नगर जिल्ह्यालाही लागू पडते. ती लक्षात घेतली नाही तर इथले चित्र उमगत नाही.

नगरची माती

नगर शहरात ख्रिस्ती धर्म आधी आला तो प्रोटेस्टंट रूपात. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली इथे ठाणे मांडले. मुलींच्या शाळा निघाल्या, छापखाने आले, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरलाच सुरू झाले. पण या मिशनच्या शिकवणुकीत संतांची मूर्ती, मरियेचा नवस, यात्रा यांना जागा नव्हती. पोकळी जाणवली ती इथल्याच माणसांना. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ज्ञानोबा-तुकोबांचा हात सोडला नाही. अभंग आणि कीर्तन यांच्या वाटेने त्यांनी ख्रिस्ताची भक्ती मराठी केली. त्यांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचा मोठा काळ नगरमध्ये गेला. टिळकांनी ख्रिस्ताला मराठी शब्द दिले. मराठी पायांना वाट मिळायची अजून बाकी होती.

कॅथॉलिक धर्मगुरू जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आले ते १८७८ च्या सुमारास. राहुरी तालुक्यातल्या केंदळ-वळण परिसरात येशूसंघीयांनी, म्हणजे जेझुइटांनी, काम सुरू केले. सालाकडे नीट पाहा. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ नुकताच सरला होता. जिल्ह्यातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग त्याच दुष्काळी कामांतून उभा राहिला होता. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत बहुसंख्य लोक तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या महार आणि मांग समाजांतले होते. पोटाला अन्न, मुलाला पाटी आणि माणूस म्हणून हाक, यांतले नेमके कशासाठी कोण गेला याचा हिशेब बाहेरच्यांनी मांडत बसण्यात अर्थ नाही. माणूस एका कारणासाठी कधीच घर बदलत नसतो.

पुढे भंडारदरा धरण झाले, प्रवरेचे कालवे आले, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. आसपासच्या गावांच्या हजारो एकर जमिनी खंडाने कंपनीकडे गेल्या. त्या परत मिळवण्यासाठी खंडकरी शेतकऱ्यांनी अनेक दशके झगडा दिला. कारखान्याच्या भोंग्यामागे गावोगावची बिनजमिनीची माणसे आली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. पाटपाण्याच्या या नव्या मुलखात सगळेच थोडेफार परगावचे होते. शेतापलीकडचे. पेरेग्रिनुस!

डोंगर नसलेली मतमाउली

अशा वस्तीत १९४९ साली यात्रा सुरू झाली. तिचे नाव आले मुंबईहून. वांद्र्याच्या टेकडीवर पोर्तुगीज काळापासून मरियेचे देऊळ आहे. तिथली आजची चर्चची इमारत १९०४ सालची. पोर्तुगीजांची ‘डोंगरावरची माता’ तिथल्या कोळी-आगरी-ईस्ट इंडियन लोकांच्या तोंडी ‘मोत माउली’ झाली. ‘मोत’ म्हणजे डोंगर. तिची जत्राही सप्टेंबरातच भरते. तेच नाव हरेगावला येता येता ‘मतमाउली’ झाले. हरेगावला डोंगर कुठला? प्रवरा आणि गोदावरीच्या मधले सपाट काळे रान. डोंगर हरवला, शब्द उरला, आणि त्याच्या शेजारी ‘माउली’ भक्कम उभी राहिली.

हा ‘माउली’ शब्द नगर जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. याच जिल्ह्यातल्या नेवाशाला, पैसाच्या खांबाला टेकून, १२९० साली ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. त्यांनाच महाराष्ट्र माउली म्हणतो. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. हरेगावच्या यात्रेकरूंच्या पणज्यांनी ती पालखी पाहिली असेल, तिला पाणी पाजण्याची इच्छाही धरली असेल. पण त्यांच्या हातचे पाणी घेतले गेले असते का? पंढरीच्या वाटेवर चोखोबा चालला, पण त्याची समाधी महाद्वाराच्या बाहेर राहिली. विठ्ठलाचे मंदिर सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी हरेगावची यात्रा भरली. एकामुळे दुसरे झाले असे कुणी म्हणू नये. पण दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाट होती पण गाभारा नव्हता, अशा माणसांना इथे गाभारा मिळाला. आणि त्यांनी त्या गाभाऱ्याकडे जायला आपली जुनीच चाल वापरली.

म्हणून ही यात्रा नक्कल नाही आणि आयातही नाही. नवस, जथ्याने चालणे, वाटेत गाणे, पाहुण्याला भाकरी, जत्रेतले पाळणे, लेकरांसाठी खेळणी, मुलीसाठी बांगड्या, हे सारे तिने इथल्या मातीतून घेतले. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, पवित्र मिस्सा, मेणबत्ती, जपमाळ हे दूरच्या वाटेने आले. पण सर्वांत मोठा बदल अर्थात झाला. ख्रिस्ती यात्रेचा मूळ भाव ‘परके होऊन निघणे’ हा. हरेगावला येणारा माणूस मात्र परका होण्यासाठी निघत नाही. तो वर्षभर परकाच असतो. इथे तो घरी येतो.

हे शब्दशः खरे आहे. दुष्काळाने, शेतीच्या आतबट्ट्याने आणि पुढे खुद्द हरेगावचा कारखाना बंद पडल्याने या भागातली अनेक कुटुंबे पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत, कारखान्यांत, दवाखान्यांत आणि शाळांत कामाला गेली. सप्टेंबरात ती परततात. मिस्सा संपल्यावर आवारात फेरफटका मारला तर कानावर पडते ते बहुधा असेच : “ओळखलं का मावशी? मी तुमच्या धाकटीची सून!” सोयरिकी इथे जुळतात, रुसवे इथे निघतात, गेलेल्यांसाठी इथेच डोळे पुसले जातात. १९८७ साली पुण्यापासून वेगळा होऊन नाशिक धर्मप्रांत झाला, आणि त्या धर्मप्रांतातल्या विखुरलेल्या गावांना एकमेकांचे तोंड दिसते ते या मांडवात. चर्चच्या दप्तरात ही यात्रा मरियेच्या जन्माचा सण असेल. लोकांच्या दप्तरात ते माहेर आहे.

परका कोण?

आणि तरीही एक प्रश्न सुटत नाही. दोन दिवस माहेरी आलेला हा माणूस उरलेले दिवस कुठे राहतो?

कायद्याच्या पुस्तकात तो अर्धवट परका आहे. यात्रा सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, अनुसूचित जातींबाबत राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यानुसार हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा मानता येत नव्हते. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी हे दार उघडले. ख्रिस्ती आणि मुसलमानांसाठी उघडले नाही. धर्म बदलला की जात संपते, असे कायदा धरून चालतो. गाव तसे धरून चालत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्राने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सवलती द्याव्यात की नाहीत याबद्दल दोन मते असू शकतात, आहेतही. पण पाऊण शतक हा प्रश्न लोंबकळत राहावा, याचा अर्थ ज्यांचा प्रश्न आहे ते आपल्याला दिसतच नाहीत, एवढाच होतो.

समाजाच्या व्यवहारात काय आहे? याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. तिची चित्रफीत राज्यभर फिरली, गुन्हे दाखल झाले, मोर्चे निघाले, नेत्यांच्या गाड्या आल्या आणि गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मतमाउलीची पंचाहत्तरावी यात्रा भरली. एकाच गावाचा एकच रस्ता. एका आठवड्यात त्यावरून पोलिसांच्या गाड्या गेल्या, दुसऱ्यात भाविकांच्या. हा डाग एकट्या हरेगावचा नाही. नगर जिल्ह्याच्या नकाशावर अशी आणखी गावे आहेत आणि महाराष्ट्राच्या नकाशावर कितीतरी. पण ज्या गावाला लाखो पाय माउलीचे गाव म्हणून येतात त्याला इतरांपेक्षा थोडे अधिक ओशाळे वाटायला हवे, अशी अपेक्षा ठेवणे चूक नाही.

यात्रेतल्या लोकांनाही हा प्रश्न चुकत नाही. माहेर मिळाले की माणूस सुखावतो आणि सुखावला की कधी कधी दार लावून घेतो. आज यात्रेला नवस फेडायला येणारे इतर धर्मांचे भाविक ही तिची खरी श्रीमंती आहे. कर्कश्श भोंगे, फलकांवर झळकणारे पुढारी आणि निव्वळ जत्रा यांच्या गलबल्यात ती हरवू देता कामा नये. सांतियागोच्या प्रेषिताला घोड्यावर बसवणाऱ्यांचा धडा सगळ्याच यात्रांनी, सगळ्याच धर्मांच्या, गिरवून ठेवावा असा आहे.

पिवळे बाण आणि पाण्याचा माठ

युरोपातल्या त्या वाटांचे पुढे काय झाले, हे सांगून थांबू. सांतियागोची वाट विसाव्या शतकात जवळजवळ ओस पडली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास तिथल्या कचेरीत वर्षाकाठी दोन-तीन हजार यात्रेकरूंची नोंद होई. एलियास वालिन्या नावाच्या एका खेड्यातल्या धर्मगुरूने १९८४ साली पिवळ्या रंगाचा डबा घेऊन झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण रंगवत ती वाट पुन्हा आखायला घेतली. १९८७ मध्ये युरोप परिषदेने तिला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली, १९९३ मध्ये तिचा स्पेनमधला भाग जागतिक वारसा ठरला आणि २०२४ साली नोंद झालेल्या यात्रेकरूंची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. त्यातले अनेक जण धर्म मानतही नाहीत. पण ते चालतात, एकाच पडवीत झोपतात, एकमेकांच्या पायांचे फोड बांधतात. एका माणसाने रंगवलेले बाण पाच लाख परक्यांना पुरले.

आपल्याकडे बाण रंगवायची गरज नाही. वाटा रोजच्या पायांखालच्या आहेत. गरज आहे ती वाटेवरच्या माणसाकडे पाहण्याची. २०२४ मध्ये या जिल्ह्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या या लेकीने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. आपल्या राज्याची हद्द कुठे संपते ते पाहत बसली नाही. आता २०२७ च्या नाशिक सिंहस्थाच्या निमित्ताने आसपासच्या रस्त्यांचा, निवाऱ्यांचा, पाण्याचा विचार होत आहे. तो शिर्डीशी येऊन थांबू नये. हरेगावच्या वाटेवरही म्हाताऱ्या बाया चालतात, त्यांनाही सावली आणि स्वच्छतागृह लागते. जिल्ह्याच्या पाटीवर अहिल्यादेवींचे नाव लिहिल्यावर एवढे तरी ओघाने यायला हवे.

आणि सरकारच्या आधी आपण आहोतच. पंढरीच्या वाटेवर गावोगाव दारात पाण्याचा माठ भरून ठेवण्याची रीत आहे. येणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. हरेगावच्या वाटेवरही असे माठ दिसतील, तेव्हा पाणी ठेवणाऱ्याने फक्त एवढे करावे : पिणाऱ्याच्या गळ्यात काय आहे ते पाहू नये. सोळाशे वर्षांपूर्वी जेरुसलेमच्या वाटेवर एजेरियाला कुणी असेच पाणी दिले असेल. ती परकी होती. तिने पाणी प्यायले, आशीर्वाद दिला आणि पुढे चालू लागली.